दिसणारा सूर्य आणि खरा सूर्य

मुंबईच्या चौपाटीवर किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सायंकाळीं फिरावयास गेलेल्या माणसास एक देखावा नेहमींच पहावयास मिळतो. तांबूस झालेलें सूर्यबिंब हळूहळू खालीं येतें, त्याची खालची कड पाण्याला टेंकते, आणि त्या क्षणीं तें बिंब वाटोळें न राहतां थोडेंसें चेपल्यासारखें दिसूं लागतें. पाहणारा म्हणतो, 'सूर्य आतां बुडूं लागला.' परंतु गणिताच्या दृष्टीनें पाहिलें तर सूर्य तेथें नाहींच. पृथ्वीभोंवतीं हवा नसती तर त्याच क्षणीं तें सबंध बिंब क्षितिजाखालीं गेलेलें असतें. डोळ्यांस जें दिसतें तें हवेनें वर उचलून धरलेलें सूर्याचें चित्र होय.

या चित्रामुळें आपल्याकडे सूर्यास्त सुमारें सव्वादोन ते अडीच मिनिटें उशिरां होतो. फिरावयास आलेल्या गृहस्थास या अडीच मिनिटांचें कांहींच सुखदुःख नसतें. पण चोहोंकडे पाणीच पाणी असलेल्या महासागरांत ज्याला सूर्य आणि तारे यांवांचून दुसरी खूण नाहीं, त्या नाविकाची गोष्ट निराळी आहे. हवेनें केलेली ही फसवणूक त्यानें हिशेबांत धरली नाहीं, तर त्याचें जहाज नकाशावर एके ठिकाणीं आणि प्रत्यक्षांत कित्येक मैल दूर दुसऱ्याच ठिकाणीं, अशी अवस्था होते. ही फसवणूक कशी होते, ती कितपत मोजतां येते आणि कोठें मोजतां येत नाहीं, याचा विचार मोठा उद्बोधक आहे.

एक साधा प्रयोग घरांतल्या घरांत करून पाहण्याजोगा आहे. खोल वाडग्याच्या तळाशीं एक नाणें ठेवावें, आणि वाडग्याच्या कांठाआड तें नुकतेंच दिसेनासें होईल इतकें मागें सरून उभें रहावें. मग दुसऱ्या कोणीं तरी त्यांत हलकेच पाणी ओतावें. नाणें जागचें हाललेलें नसतें, पाहणाराहि हाललेला नसतो. तरीहि तें वर आल्यासारखें दिसूं लागतें. प्रकाशाचा किरण पाण्यांतून हवेंत येतांना वांकतो, आणि डोळा मात्र तो सरळच आला असें समजून चालतो. या वांकण्यास शास्त्रज्ञ वक्रीभवन म्हणतात.

आकाशांत हेंच घडतें. भेद इतकाच कीं तेथें पाण्यासारखा एकच स्पष्ट पृष्ठभाग नसतो. हवा फार उंचावर अत्यंत विरळ असते आणि खालीं येतां येतां ती दाट होत जाते. ताऱ्याचा किरण पोकळींतून या थरांत शिरला म्हणजे प्रत्येक थरागणिक किंचित् किंचित् वांकत, सौम्य कमानीच्या आकारानें जमिनीवर उतरतो. डोळा त्याच्या शेवटच्या दिशेवरून ताऱ्याचें स्थान ठरवितो, म्हणून तारा खरा असतो त्याहून वर दिसतो. अगदीं डोक्यावरच्या ताऱ्याचा किरण सरळ खालीं येत असल्यामुळें तो मुळींच वांकत नाहीं. तारा जसजसा क्षितिजाकडे कलतो, तसतसा त्याच्या किरणास हवेंतून अधिकाधिक लांबचा आणि तिरकस मार्ग काटावा लागतो.

हा फरक आंकड्यांनीं पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. एका अंशाचे साठ भाग केले तर त्यांतील एका भागास कला म्हणतात. तारा ४५ अंश उंचीवर असतां वक्रीभवन अवघें १ कला भरतें. ३० अंशांवर तें पावणेदोन कलांच्या आसपास, २० अंशांवर पावणेतीनाच्या आसपास, १० अंशांवर सव्वापांच कलांहून थोडें अधिक, आणि ५ अंशांवर सुमारें १० कला होतें. पुढें मात्र तें झपाट्यानें वाढतें. १ अंशावर सुमारें २४ कला आणि प्रत्यक्ष क्षितिजावर सुमारें ३४ कला! सूर्यबिंबाचा व्यास साधारण ३२ कलांचा आहे. म्हणजे क्षितिजावर हवा सूर्याला त्याच्या सबंध व्यासाहूनहि अधिक उचलते. खालच्या कडेस ती वरच्या कडेपेक्षां अधिक उचलत असल्यामुळें बिंबाची उभी उंची सुमारें एकषष्ठांशानें कमी होते. मावळता सूर्य चेपल्यासारखा दिसतो, त्याचें कारण हें.

आतां नाविकाकडे वळूं. कोणत्याहि क्षणीं प्रत्येक तारा पृथ्वीवरील कोठल्या तरी एका ठिकाणच्या बरोबर डोक्यावर असतो. तें ठिकाण कोणतें, हें नाविक पंचांगांत ग्रीनिचच्या वेळेनुसार दिलेलें असतें; आणि ती वेळ दाखविणारें अत्यंत नियमित घड्याळ, म्हणजे क्रोनोमीटर, जहाजावर असतें. राहिली ती एकच गोष्ट: तो तारा क्षितिजापासून किती उंच आहे हें मोजणें. त्यासाठीं सेक्स्टंट नांवाचें यंत्र वापरतात. त्यांतील आरशांच्या योगानें ताऱ्याचें प्रतिबिंब क्षितिजाच्या रेषेवर आणून टेंकवितात आणि कोन वाचून घेतात. तारा जितका खालीं, तितका नाविक त्या ठिकाणापासून दूर. या दोन अंतरांचें प्रमाण मोठें सोयीचें आहे: कोनाची १ कला म्हणजे समुद्रावरचा १ सागरी मैल, म्हणजेच १८५२ मीटर. एका ताऱ्यावरून जहाज ज्या वर्तुळावर आहे तें वर्तुळ मिळतें. दोनतीन ताऱ्यांचीं वर्तुळें जेथें छेदतात तेथें जहाज.

कला आणि मैल यांच्या या नात्यामुळेंच वक्रीभवनाला इतकें महत्त्व येतें. उदाहरणार्थ, जहाजाच्या पुलावर समुद्रापासून ९ मीटर उंच उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्यानें सूर्याच्या खालच्या कडेची उंची २० अंश १४ कला मोजली असें समजूं. तो उंचावर उभा असल्यामुळें त्याला दिसणारें क्षितिज खऱ्या आडव्या पातळीपेक्षां थोडें खालीं असतें. या क्षितिजाच्या उताराबद्दल ५.३ कला वजा. राहिले २० अंश ८.७ कला. वक्रीभवनाबद्दल २.७ कला वजा. मोजणी पृथ्वीच्या मध्यावरून नव्हे तर पृष्ठावरून झाली, त्या लंबनाबद्दल ०.१ कला अधिक. मोजली ती खालची कड. पंचांगांत स्थान दिलेलें असतें तें बिंबाच्या मध्याचें, म्हणून अर्ध्या बिंबाबद्दल १६ कला अधिक. हिशेब पुरा झाला म्हणजे खरी उंची २० अंश २२.१ कला निघते. यांतील वक्रीभवनाची एक ओळ विसरली तर जहाज पावणेतीन मैल चुकतें. तोच सूर्य ५ अंशांवर असता तर चूक १० मैलांची झाली असती. आणि रात्रीच्या काळोखांत खडक टाळण्यास १० मैल पुष्कळ होतात.

वक्रीभवनाची कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत टॉलेमीनें आणि अकराव्या शतकांत इब्न अल् हैथम यानें तिचें विवेचन केलें होतें. परंतु तिचें माप घेण्याची गरज भासली ती यंत्रें सुधारल्यावर. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत डेन्मार्कमधील टायको ब्राहे यानें आपल्या वेधशाळेचा अक्षांश दोन रीतींनीं काढला: एकदां ध्रुवाजवळच्या ताऱ्यांवरून आणि एकदां हिवाळ्यांतील खालीं उतरलेल्या सूर्यावरून. दोन्ही उत्तरांत सुमारें ४ कलांचा फरक पडला. पूर्वीच्या ओबडधोबड यंत्रांच्या काळीं हा फरक कोणाच्या ध्यानांतहि आला नसता. टायकोचा आपल्या यंत्रांवर विश्वास होता, म्हणून दोष यंत्रांचा नसून हवेचा आहे हें त्यानें ओळखलें आणि वक्रीभवनाचें कोष्टक तयार केलें. सूर्याचें वक्रीभवन ४५ अंशांवर संपतें अशी त्याची समजूत होती, ती मात्र खरी नव्हती. पुढें सतराव्या शतकांत कॅसिनी आणि न्यूटन यांनीं, व एकोणिसाव्या शतकांत बेसेलनें हें गणित सुधारलें. पंधरा अंशांच्या वर तरी तें आज इतकें पक्कें झालेलें आहे कीं, त्याबद्दल नाविकाला शंका बाळगण्याचें कारण उरलेलें नाहीं.

मग अडचण कोठें आहे? अडचण अशी कीं, कोष्टक हें सरासरी हवेचें असतें, आणि जहाज सरासरी हवेंत नसून त्या दिवसाच्या हवेंत असतें. पंचांगांतील कोष्टक १० अंश सेंटिग्रेड उष्णता आणि १०१० मिलिबार दाब गृहीत धरून केलेलें असतें. हवा थंड झाली म्हणजे दाट होते आणि अधिक वांकविते; तापली म्हणजे कमी. शून्याखालीं ३० अंशांच्या थंडींत वक्रीभवन सुमारें एकषष्ठांशानें वाढतें, आणि मुंबईच्या मे महिन्यांतील उकाड्यांत तें सुमारें एकद्वादशांशानें घटतें. यासाठीं निराळें उपकोष्टक असतें, आणि १० अंशांवरच्या ताऱ्यास त्यानें एखाद्या कलेचा काय तो फरक पडतो. येथपर्यंत सारें गणिताच्या ताब्यांत आहे.

पण क्षितिजाजवळ गणिताचा हा ताबा सुटतो. नेहमीं हवा वर जावें तसतशी थंड होत जाते. परंतु बर्फावर किंवा थंड पाण्यावर कित्येकदां उलट घडतें. खालचा थर गारठलेला आणि त्याच्यावर ऊबदार हवेचें पांघरूण, अशी स्थिति आली म्हणजे किरण त्या पांघरुणाखालीं अडकतो आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर वांकत वांकत फार लांबवर जातो. याचें प्रसिद्ध उदाहरण इ. स. १५९७ मधील आहे. विलेम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीचें जहाज नोवाया झेमल्या बेटाच्या उत्तर टोंकाशीं, सुमारें ७६ अक्षांशावर, बर्फांत अडकलें होतें आणि मंडळी लांकडी झोंपडींत ध्रुवाकडील दीर्घ रात्र कंठीत होती. सूर्य फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परत दिसेल असा गणिताचा निर्णय होता. परंतु २४ जानेवारी रोजीं त्यांतील तिघांना सूर्याची कड दिसली, आणि २७ तारखेस पुरें बिंब दिसलें! बॅरेंट्सचा स्वतःचा यावर विश्वास बसेना. गेरिट द व्हेर यानें हा वृत्तांत लिहून ठेवला, आणि चंद्र व गुरू यांच्या युतीचा वेध घेऊन तारीख चुकलेली नाहीं याचीहि खात्री केली. त्या दिवशीं खरा सूर्य क्षितिजाखालीं ५ अंशांहून अधिक होता. युरोपांत पुष्कळांनीं या मंडळींस दिवस मोजतां आले नाहींत असें म्हटलें. १६०४ सालीं केप्लरनें आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथांत या प्रसंगाचा विचार केला आणि त्याचें कारण वक्रीभवनांत शोधलें. आज तर या चमत्कारास त्या बेटाचेंच नांव मिळालें आहे.

असाच अनुभव दक्षिण ध्रुवाकडे शॅकल्टनच्या 'एंड्युरन्स' जहाजावरील मंडळींस आला. हें जहाज १९१५ सालच्या जानेवारींत वेडेल समुद्राच्या बर्फांत गोठून बसलें होतें. मे महिन्याच्या आरंभीं सूर्यानें हिवाळ्यापुरता निरोप घेतला. पण एका आठवड्यानें, ८ मे रोजीं, तो पुन्हा अर्ध्याहून अधिक वर आला, मावळला, पुन्हा उगवला, पुन्हा मावळला, आणि असा खेळ दुपारीं १ वाजून २० मिनिटांपर्यंत चालला. शॅकल्टननें आपल्या पुस्तकांत नोंद केली आहे कीं, त्या वेळीं वक्रीभवन २ अंश ३७ कला इतकें होतें, म्हणजे नेहमींपेक्षां सुमारें २ अंशांनीं जास्त. अशा क्षितिजावरच्या सूर्याचा वेध कोणीं नेहमींच्या कोष्टकानें सोडविला असता, तर त्याचें स्थान १२० मैलांच्या आसपास चुकलें असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, खालचे तारे टाळावेत म्हणजे झालें. नाविक तसेंच करतात. १० ते १५ अंशांखालचा तारा ते होतां होईल तों वापरीत नाहींत. परंतु हवेची लबाडी एवढ्यानें संपत नाहीं, कारण सेक्स्टंट मोजतो तो कोन ताऱ्यापासून क्षितिजापर्यंतचा, आणि क्षितिजाच्या रेषेकडून येणारा प्रकाशहि त्याच समुद्रालगतच्या हवेंतून येतो! तारा कितीहि उंच असला तरी क्षितिज खालींच असतें. पाणी आणि हवा यांच्या उष्णतेंत मोठा फरक असला म्हणजे क्षितिजाची रेषा कांहीं कलांनीं वर उचलली जाते किंवा खालीं दबते. तांबडा समुद्र आणि इराणचें आखात हे भाग त्याविषयीं नाविकांत प्रसिद्ध आहेत. येथें कोणतेंहि कोष्टक उपयोगी पडत नाहीं. उपयोगी पडते ती युक्ति. उत्तरेकडचा एक तारा आणि त्याच उंचीचा दक्षिणेकडचा दुसरा तारा असे समोरासमोरचे वेध घेतले, म्हणजे क्षितिजाची चूक एकांत जहाजाला जितकें उत्तरेस ढकलते, जवळजवळ तितकेंच दुसऱ्यांत दक्षिणेस ढकलते. आणि दोहोंचा मध्य काढला कीं ती नाहींशी होते. चूक किती आहे हें न कळतांहि ती अशी काढून टाकतां येते.

वक्रीभवनाला चुकविण्याचा आणखीहि एक मार्ग आहे. चंद्र आकाशांतून सरकतांना एखाद्या ताऱ्याला झांकतो, त्या घटनेस पिधान म्हणतात. झांकण्याच्या क्षणीं चंद्राची कड आणि तारा एकाच दिशेस असल्यामुळें हवा दोघांनाहि सारखेंच उचलते; म्हणून त्या क्षणाच्या वेळेंत वक्रीभवनाची चूक शिरत नाहीं. 'एंड्युरन्स' चा कप्तान फ्रँक वर्स्ली आणि पदार्थविज्ञानवेत्ता रेजिनाल्ड जेम्स यांनीं त्या लांबलचक ध्रुवीय रात्रींत अशींच पिधानें पाहून आपलीं क्रोनोमीटरें तपासलीं. या चिकाटीचें मोल पुढें कळून आलें.

२१ नोव्हेंबर १९१५ रोजीं जहाज बर्फाखालीं गेलें. बर्फावर आणि होड्यांत महिनेच्या महिने काढून मंडळी एलिफंट बेटावर पोंचली. तेथून मदत आणण्यासाठीं २४ एप्रिल १९१६ रोजीं शॅकल्टन, वर्स्ली आणि आणखी चार जण साडेबावीस फूट लांबीच्या होडींतून शेंकडों मैलांवरील साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाले. मागें बावीस माणसें राहिलीं. बेट चुकलें तर पुढें केवळ अटलांटिक महासागर होता. वर्स्लीजवळ एक सेक्स्टंट आणि चालू असलेलें एकच क्रोनोमीटर होतें. सूर्य दिसला तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळां. वर्स्ली होडींत गुडघे टेंकून बसे, दोघे जण त्याला धरून ठेवीत, आणि होडी लाटेच्या माथ्यावर आली कीं क्षणांत तो सूर्याला क्षितिजावर टेंकवून कोन वाची. त्या अक्षांशावर त्या महिन्यांत सूर्य मध्याह्नींहि २० अंशांपर्यंत चढत नव्हता, म्हणजे वक्रीभवन ३ कलांच्या घरांत. तें कोष्टकांत होतें. परंतु डोळा पाण्यापासून एक मीटर वर होता कीं चार मीटर, समोर दिसली ती क्षितिजाची रेषा होती कीं दुसऱ्या लाटेचा माथा, धुक्यांत विरलेल्या बिंबाची कड नेमकी कोठें, हें कोणत्याच कोष्टकांत नव्हतें.

वर्स्लीची योग्यता येथें दिसते. बेट जवळ आल्यावर त्यानें शॅकल्टनला स्पष्ट सांगितलें कीं, आपलें स्थान १० मैलांच्या आंत आहे अशी हमी आपण देऊं शकत नाहीं. वस्ती बेटाच्या उत्तरपूर्व किनाऱ्यावर होती. पण वळसा घालून तिकडे जातांना टोंक चुकण्याचा धोका होता. म्हणून त्यांनीं बेटाच्या पश्चिम बाजूसच होडी लावण्याचें ठरविलें, आणि १० मे रोजीं तीं माणसें किनाऱ्याला लागलीं. पुढें डोंगर ओलांडून वस्ती गांठावी लागली. परंतु ३० ऑगस्ट १९१६ रोजीं एलिफंट बेटावरील बावीसहि जणांची सुटका झाली. वर्स्लीनें आपली चूक दोन मैलांची आहे असें मानून सरळ टोंकावर होडी घातली असती, तर कदाचित् हा शेवट निराळा झाला असता.

त्याच्या वेधांची परीक्षा शंभराहून अधिक वर्षांनीं पुन्हा एकदां झाली. १९१५ सालीं जहाज बुडालें तें ठिकाण त्यानें आपल्या वहींत नोंदून ठेवलें होतें. ५ मार्च २०२२ रोजीं शोधपथकास 'एंड्युरन्स' समुद्राच्या तळाशीं ३००८ मीटर खोल सांपडलें. तें वर्स्लीच्या नोंदीपासून सुमारें ४ मैल दक्षिणेस होतें, असें पथकानें जाहीर केलें. वाहता बर्फ, घड्याळाची चाल, क्षितिज आणि हवा या सर्वांच्या चुका त्या चार मैलांत सामावल्या आहेत.

आज उपग्रहांच्या साह्यानें कोणत्याहि जहाजास आपलें स्थान कांहीं मीटरांच्या आंत कळतें. परंतु त्या संदेशांनाहि याच हवेंतून यावें लागतें, आणि डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेशहि खालच्या हवेमुळें सुमारें अडीच मीटर अधिक लांबून आल्यासारखा भासतो. उपग्रह क्षितिजाकडे कलला कीं ही चूक अनेक पटींनीं वाढते. म्हणून यंत्रेंहि फार खालचे उपग्रह सोडून देतात, म्हणजे वर्स्लीच्या काळचाच नियम पाळतात. सेक्स्टंटहि अजून अडगळींत पडलेला नाहीं. मुंबईंत बांधलेल्या 'सुहेली' या शिडाच्या नौकेंतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं १९६८-६९ मध्यें एकट्यानें, कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां त्यांचा आधार सेक्स्टंटच होता. त्या सफरीच्या स्मरणार्थ भरणाऱ्या शर्यतींत उपग्रहांवरून मार्ग काढण्यास बंदी असते. तींत भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनीं २०२३ सालीं दुसरा क्रमांक मिळविला.

वेधांत अचूकपणा म्हणजे चूक मुळींच नसणें असें सामान्यतः समजलें जातें. नाविकाचा अचूकपणा निराळा आहे. जी चूक कोष्टकानें जाते ती कोष्टकानें काढावी, जी युक्तीनें जाते ती युक्तीनें काढावी, आणि जी उरते ती किती मोठी असूं शकेल हें प्रामाणिकपणें जाणून तेवढें अंतर राखून सुकाणू धरावें, हा तो अचूकपणा होय. चौपाटीवरचा सूर्य उद्यांहि पाण्याला टेंकलेला दिसेल, आणि उद्यांहि तो तेथें नसेल.